मलमाचा परवाना

३ एप्रिल

आजपासून मी तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाचा प्रमुख. कक्ष म्हणजे तळमजल्यावरची, फुटकं काचसामान ठेवायची खोली. सामान हलवलं, पण खोक्यांचे चौकोनी डाग फरशीवर तसेच आहेत. एक टेबल, दोन खुर्च्या, न लागणाऱ्या दाराचं एक कपाट आणि बाहेर नवीकोरी पाटी.

मंत्रालयाचं नवं धोरण असं की संशोधन कपाटात ठेवून उपयोग नाही, ते बाजारात गेलं पाहिजे. प्रत्येक सरकारी प्रयोगशाळेने एकतीस मार्चच्या आत निदान एक तरी शोध उद्योगाला परवाना देऊन सोपवायचा. नाही सोपवला तर अनुदान कापणार. संचालकसाहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "आपल्याकडे देण्याजोगं काय आहे?" सगळे छताकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर गेल्या बावीस वर्षांत आमच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलीत ती फक्त निवृत्त झालेली माणसं. शेवटी मी माझ्या मलमाचं नाव घेतलं, आणि कक्षासकट सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

माझ्या निवृत्तीला अडीच वर्षं उरली आहेत. जाता जाता आपल्या नावावर एक तरी गोष्ट लागावी असं कुणाला वाटत नाही? उद्या कुणी विचारलं की हे कसं घडलं, तर लिहिलेलं असावं, म्हणून ही दैनंदिनी.

९ एप्रिल

मलमाबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो.

माझी थोरली बहीण, माई, काजू फोडण्याच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं काम करते आहे. काजूच्या टरफलात काळं, चिकट तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. हातमोजे घातले तर गर निसटतो, तुटतो, आणि तुटक्या गराची मजुरी निम्मी. म्हणून बायका राख नाहीतर तेल चोळतात आणि उघड्या हातांनीच फोडत बसतात. आई गेली तेव्हा माईने शाळा सोडली, पुढे या कारखान्यात लागली आणि मला शिकवलं. माझ्या पदव्या तिच्या हातांच्या जिवावर आल्या आहेत. तिच्या लेखी मी अजूनही 'धाकट्या'च. साडेपंचावन्न वर्षांचा धाकट्या.

मलम तिच्यासाठीच करायला घेतलं होतं. मेण, एरंडेल, बारीक गाळलेली माती, आणि गरावरची जी तांबूस साल कारखाना उकिरड्यावर टाकतो तिचा काढा. हाताला लावून वाळलं की पातळ थर बसतो, बोटांची पकड जात नाही, संध्याकाळी साबणाने धुऊन टाकायचं. पण प्रयोगशाळेत ते दोन वर्षं फाटत होतं, नासलेल्या दुधासारखं. एका रविवारी माईच्या स्वयंपाकघरात करून बघत होतो. ती म्हणाली, "अरे, एवढं कढत काय ओततोस? बोट बुडवून धरता येईल इतकं निवू दे, मग घाल काढा. आणि एकाच बाजूने ढवळ." तसं केलं आणि जमलं. सोमवारी प्रयोगशाळेत तापमापी लावून पाहिलं, बेचाळीस अंश. नोंदवहीत तसं टिपलं. शोधाचा सगळा गाभा या बेचाळीस अंशांत आहे.

आठ महिने झाले, माईच्या विभागातल्या चाळीस बायका ते वापरतात. दर शनिवारी मी डबे भरून नेतो. त्यांचे हात आता हातांसारखे दिसतात.

पेटंटच्या अर्जावर शोधकर्ते म्हणून दोन नावं जातील, माझं आणि संचालकसाहेबांचं. साहेबांनी मलम अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण आमच्याकडे तसा रिवाजच आहे.

२१ एप्रिल

घोडं अडलं. कक्षाला एक विधी अधिकारी मिळाली आहे, तिशीची, चष्मेवाली, हसायचं नाही असं ठरवून आलेली. सगळे तिला वकीलबाई म्हणतात. तिने फाइल वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सरकारी जीप विकून खाल्ली.

"सर, हे मलम बाहेर वाटलंत?"

"वाटलं म्हणजे, बायकांना दिलं. हात जळतात त्यांचे."

"लेखी काही घेतलंत त्यांच्याकडून? गुप्ततेचं?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. शोध लोकांसमोर खुला झाला की तो नवा राहत नाही, आणि नवा नसेल तर पेटंट नाही. आठ महिने दिलं ते चाचणीसाठी होतं असं दाखवता येईल, पण वाटप आजच्या आज बंद, आणि उरलेलं मलम परत.

"परत? वापरातलं?"

"डबेसुद्धा, सर."

२५ एप्रिल

डबे परत आणले. जेवणाच्या सुट्टीत गेलो. पत्र्याची लांब शेड, दोन्ही बाजूंना बाकं, प्रत्येकीपुढे पायाने दाबायचं कात्रीयंत्र. मला पाहून बायकांना वाटलं, शनिवारचं आजच आणलं. एकीने तर हात पुढे केला.

मी समजावून सांगितलं. थोडी कळ काढा, कागदपत्रं पुरी झाली की मोठी कंपनी हे मलम करेल, पेट्याच्या पेट्या येतील, इथेच नाही तर जिथे जिथे काजू फोडतात तिथे. सहा महिने, फार तर आठ. मग माई उठली आणि तिने आपला डबा आणून माझ्या पिशवीत टाकला. तो जवळजवळ भरलेला होता. तिने टाकला म्हणून बाकीच्यांनी टाकले. एक म्हातारी तेवढी डब्याच्या तळातलं बोटाने निपटून हाताला फासत राहिली. मी तिच्यापाशी जास्त वेळ थांबलो नाही.

दारापर्यंत माई आली. कृती तिला सगळी येते, म्हणून तिला वेगळं सांगावं लागलं, "माई, घरी करू नकोस हं. स्वतःपुरतंही नाही. आणि कुणाला सांगू नकोस. एकाचं दोघांना झालं की माझं सगळं काम पाण्यात जाईल."

"तुझं नाव जाईल का?"

"नावही जाईल."

"मग नाही करत," ती म्हणाली.

माई म्हणजे माई. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

६ जुलै

अर्ज दाखल झाला. मी सगळ्या कक्षाला, म्हणजे वकीलबाईला आणि शिपायाला, चहा पाजला.

जेवायला माईलाही बोलावलं होतं, आली नाही. निरोप पाठवला की हात भरलेत. कामात असेल. ही म्हणाली, "हात भरलेत म्हणजे काय ते विचारलंत का?" आमच्या हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

१७ नोव्हेंबर

परवाना घ्यायला पहिला माणूस आला. साबण करतो. दोन कढया, सात माणसं, पत्र्याचं छप्पर. बुटांना चिखल, फरशीवर ठसे उमटवत आत आला. दोन तास बसला आणि प्रश्न विचारून विचारून माझं डोकं उठवलं. साल किती दिवस टिकते? वास येतो का? मोठ्या कढईत सगळं एकसारखं निवेल का, की कडेला थंड आणि मध्ये गरम राहील? आमच्याच अर्जाच्या पाठीवर त्याने कढईचं चित्र काढलं. मग थोडं मलम मागून घेतलं, मनगटाला लावलं आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसला.

म्हणाला, "एकट्याला हक्क नकोत मला. दुसऱ्या कुणाला द्यायचे तर खुशाल द्या. तीन महिन्यांत माल देतो."

भला माणूस. पण परवाना सोपवायच्या समारंभात मंत्र्यांच्या शेजारी याला उभा करायचा? साहेब म्हणाले, "थोडं थांबू या, मोठं कुणीतरी येईल." मलाही तेच वाटलं. त्याला म्हटलं, कळवतो.

१९ जानेवारी

मोठं कुणीतरी आलं! हातमोजे आणि भाजल्यावर लावायची औषधं करणारी कंपनी, चार शहरांत कारखाने. त्यांचे उपाध्यक्ष स्वतः आले. बोलणं, केस, बूट, सगळं गुळगुळीत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव गुळगुळीतसाहेब ठेवलं आहे. मलम कसं करतात यात वेळ घालवला नाही. नेमके, मोठ्या माणसाला शोभतील असे प्रश्न विचारले. हक्क एकट्यालाच मिळतील ना? किती वर्षं? आणखी कुणाला कृती माहीत आहे का? कुणी चोरून केलं तर प्रयोगशाळा कारवाई करेल ना?

किती गांभीर्य! साबणवाल्याला यातलं एकही सुचलं नव्हतं.

मलम हाताला लावून बघायचं का म्हणून विचारलं. "नको, नको," ते हसून म्हणाले, "तज्ज्ञ तुम्ही आहात."

२६ मार्च

आज वकीलबाईशी वाजलं. तिने करारात एक कलम घातलं होतं की दोन वर्षांत मलम बाजारात आलं नाही, तर हक्क प्रयोगशाळेकडे परत. गुळगुळीतसाहेबांचा फोन आला. हा आमच्यावर अविश्वास आहे, आमच्या संचालक मंडळाला असं चालत नाही, पुढच्या तिमाहीत बघू. पुढची तिमाही म्हणजे एकतीस मार्चनंतर!

साहेबांची पाचावर धारण बसली. मंत्री यायचे ठरलेत, मांडववाल्याला सांगून झालंय. मला म्हणाले, "तुम्ही प्रमुख आहात. मार्ग काढा."

वकीलबाई म्हणाली, "सर, हे कलम गेलं तर त्यांनी मलम केलं नाही तरी आपल्याला काही बोलता येणार नाही."

"एवढं मोल देऊन ते न करायला घेतील का?"

"घेतात, सर."

वय लहान आहे, जग पाहिलेलं नाही. मी माझ्या पेनाने कलमावर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. तिने फाइल बंद केली.

३१ मार्च

झालं! मंत्री, टाळ्या, छायाचित्रं. प्रयोगशाळा ते समाज, असं मंत्री तीन वेळा म्हणाले. शोधकर्ते म्हणून माझं आणि साहेबांचं नाव वाचलं गेलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी छायाचित्रकाराकडे मान वळवली.

माईला पुढे बसायला सांगितलं होतं, पण ती शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीखाली. नंतर हस्तांदोलनं चालली होती तेव्हा शोधलं तर निघून गेलेली. लाजाळू आहे पहिल्यापासून.

१४ सप्टेंबर

पत्राला उत्तर नाही. दूरध्वनीवर सांगतात, बाजारपेठेचं सर्वेक्षण चालू आहे. मोठ्या कंपनीचं काम असंच, पायरीपायरीने.

२ फेब्रुवारी

सर्वेक्षण अजून चालू आहे. आता विचारणारा मीच एक उरलो. साहेबांना पेटंटही मिळालं, अनुदानही, त्यांचा विषय संपला. मंत्रालयाच्या वार्षिक पुस्तिकेत आमच्यावर अर्धं पान आहे, यशोगाथा म्हणून. मलम मात्र भिजत घोंगडं.

१९ एप्रिल

हिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली म्हणून माई चार दिवस मदतीला राहिली. वर्षभरात आम्ही एकत्र जेवलोच नव्हतो. आज सकाळी तिने चहा आणला तो बशी तळहातावर पेलून, बोटं वर उचललेली. मी बशी घेतली आणि हात पाहिले.

लिहवत नाही. बोटांची टोकं काळी, पेरांवर भेगा, अंगठ्याला तर कातडीच नाही, लाल नुसतं. आठ महिन्यांत भरून आले होते ते हात.

मी म्हटलं, "माई, अगं तुला तर करता येत होतं. निदान स्वतःपुरतं तरी करायचंस."

"तूच नको म्हणाला होतास."

इतकं साधं म्हणाली, जणू मी दुधाची पिशवी आणू नकोस म्हटलं होतं. दोन वर्षं! घरात मेण आहे, एरंडेल आहे, साल तर ती रोज पायाने तुडवते.

"आता करू का?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "आता तर अजिबात नको. आता करार झालाय. कंपनीला कळलं तर कारवाई मलाच करावी लागेल."

"बरं," म्हणाली, आणि कप विसळायला गेली. ही पलंगावरून सगळं ऐकत होती. नंतर मला म्हणाली, "तुमची बहीण आहे म्हणून. मी असते तर तो डबा तुमच्या डोक्यात घातला असता."

२२ एप्रिल

तीन दिवस एकच वाक्य डोक्यात फिरतंय. आता तर अजिबात नको. हे मी कुणाला सांगितलं?

११ जून

कंपनीच्या मुख्य कार्यालयात स्वतःच गेलो. चाळीस मिनिटं बसवलं. समोर काचेच्या कपाटात त्यांचा माल मांडलेला, त्यात हातमोज्यांचे नऊ प्रकार. एका खोक्यावर काजूचं चित्र. पातळ, खास काजू कामगारांसाठी, असं लिहिलेलं. नंतर आठवलं, माईच्या कारखान्यात या वर्षापासून हातमोजे सक्तीचे झालेत; गर तुटतो, मजुरी कापतात, म्हणून मुकादमाची पाठ फिरली की बायका ते काढून ठेवतात.

गुळगुळीतसाहेबांनी आदराने चहा मागवला. मी विचारलं, मलम कधी येणार? ते म्हणाले, "योग्य वेळी."

"पण कधी?"

"करारात तारीख नाही ना, सर. होती, ती तुम्हीच काढलीत. तुमची सही आहे तिथे."

आवाज चढवला नाही, हसलेही नाहीत. मी चहा पिऊन आलो. पिऊन आलो, याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

१० जुलै

वकीलबाईपुढे कबूल केलं की तू म्हणत होतीस ते खरं होतं. तिने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हणाली नाही म्हणून जास्त लागलं. करार पुन्हा वाचला, तिला त्यात फट सापडली नाही. मग तिने माझी जुनी नोंदवही मागवली. पानं उलटता उलटता थांबली.

"सर, एक विचारू? दोन वर्षं मलम फाटतंय. साठ अंश, सत्तर, पंचाहत्तर. आणि मग एका सोमवारी एकदम बेचाळीस, आणि पहिल्याच फटक्यात जमलं. मधले प्रयोग कुठे आहेत?"

"ते घरी झालं. माईच्या घरी. नोंदवहीत फक्त इथलं लिहितात."

"बेचाळीस कुणी काढलं?"

"मी. तापमापी लावून."

"तापमापी लावायच्या आधी, सर. निवू द्या म्हणून कोण म्हणालं?"

आम्ही दोघंही फरशीवरच्या त्या डागांकडे बघत होतो.

तिने सांगितलं ते असं. खऱ्या शोधकर्त्याचं नाव गाळून पेटंट घेतलं असेल तर ते रद्द करता येतं. पेटंट रद्द म्हणजे परवाना फुसका. कुणीही मलम करू शकेल; साबणवालासुद्धा, माईसुद्धा. त्यासाठी माईचं प्रतिज्ञापत्र लागेल आणि माझं. माझ्यात लिहावं लागेल की मी हे नाव गाळलं. चौकशी बसेल. निवृत्तीला चार महिने असताना चौकशी बसली तर पेन्शन अडकते.

"विचार करा, सर," ती म्हणाली.

मी आजची सगळी दुपार एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करतोय. अर्ज भरताना माईचं नाव माझ्या मनात येऊन मी ते बाजूला सारलं होतं का? नाही. ते आलंच नव्हतं. साहेबांचं आलं, ज्यांनी मलम पाहिलंही नव्हतं. माईचं आलं नाही.

२८ जुलै

उद्या जातो माईकडे.

९ ऑगस्ट

गेलो नाही. हिचा गुडघा, लेखापरीक्षण, पाऊस. कारणं लिहायला बसलो तर पान भरेल. खरं कारण एकच आहे आणि ते मला माहीत आहे. एकतीस ऑक्टोबर.

स्वतःला समजावतो की दोन वर्षं गेली, तिथे तीन महिन्यांनी काय बिघडतंय. मी वाईट माणूस नाही. पण असं लिहावं लागतंय म्हणजे काहीतरी आहेच.

१६ सप्टेंबर

माईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला भेगेतून पू झाला. तिने आठवडाभर चिंधी बांधून काम केलं. आज डॉक्टरांनी बोटाचं टोक काढलं, नखासकट. कारखान्यातून निरोप आला की आता येऊ नका.

रुग्णालयात तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "माई, करार गेला खड्ड्यात. घरी जाऊन कर मलम. तुला, सगळ्यांना. मी बघून घेतो."

ती म्हणाली, "अरे, आता नाही जमायचं. बोटांना गरम-थंड कळत नाही. परवा उकळत्या पाण्यात हात गेला तरी कळलं नाही."

मी म्हटलं, तापमापी आणून देतो. म्हणाली, आण. मग डोळे मिटले. घरी येताना एक आणलीही. पण माई ढवळणार कशाने?

१७ सप्टेंबर

एप्रिलमध्ये तिने विचारलं होतं, आता करू का. एक शब्द बोललो असतो. हो. एवढंच.

३१ ऑक्टोबर

निवृत्त झालो. हार, शाल, पेन. साहेबांच्या भाषणात मलमाचा उल्लेख दोनदा. मी उत्तर देताना आभार मानले आणि खाली बसलो. वकीलबाई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर, थोड्या.

२४ नोव्हेंबर

पेन्शनचा कागद शुक्रवारी हातात आला. आज प्रतिज्ञापत्रं घेऊन माईकडे गेलो. माझ्यावर मी घरूनच सही करून नेली होती.

माईने तिचा कागद खिडकीपाशी उजेडात नेला. ती हळू वाचते, शाळा लवकर सुटली म्हणून. ओळीखालून करंगळी सरकवत शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा मधल्या एका ओळीवर आली.

"हे मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "निवू दे म्हणून."

"हो."

"मग तेव्हाच का नाही लिहिलंस?"

"सुचलंच नाही, माई."

"मला सुचलं होतं." ती कागदाकडेच बघत होती. "त्या कार्यक्रमात तुमची दोघांची नावं वाचली ना, तेव्हा वाटलं, आता माझं घेतील. थांबले जरा. मग म्हटलं, असू दे, आपल्याच घरातलं नाव आहे."

मग तिने विचारलं, या कागदाने काय होईल. मी सांगितलं की पेटंट रद्द होईल, कुणालाही मलम करता येईल. साबणवाल्याला मी भेटून आलोय, तो अजूनही तयार आहे, माझ्यावर रागावलेला असूनही. निकालाला वर्ष लागेल, कदाचित दोन.

"दोन," ती म्हणाली. "चालेल. तिथे आता नव्या मुली लागल्यात सहा-सात. चांगले आहेत अजून त्यांचे हात."

मग सहज विचारावं तसं, "ही वाट आहे असं तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "जुलैत," मी म्हणालो.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मोजायला तिला वेळ लागणार नव्हता. मी तिच्या हाताकडे न बघता खिडकीच्या गजांकडे बघत राहिलो.

तिने पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा धरलं आणि सही केली. अक्षरं मोठी, वाकडी, पण नाव पूर्ण लिहिलं. कागद माझ्याकडे देत म्हणाली, "पेन्शन लागली का रे नीट?"

"लागली."

"मग बरं झालं थांबलास ते. आधी दिला असतास तर अडकवली असती त्यांनी."

टोमणा असता तर मी सोसला असता, मला तो हवाही होता. पण ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माझी काळजी वाटत होती.